मबरूकचाचाची जागा

आमच्या दौलतदादाचं नाव कुठल्या पुस्तकात नाही, आणि नाही तेच बरं. परवान्याशिवाय रेडिओ चालवणाऱ्या माणसाचं नाव छापून पोलिसांना चहाला बोलवायचं होतं की काय? पण चालवला त्यानंच. इथं हैदराबादेत, हबशी गार्डच्या लाइनींमध्ये, घोडे नसलेल्या एका तबेल्यात. मी जयवंता, त्याची धाकटी बहीण. डोळ्यांनी बघितलं तेवढंच सांगते. मध्येच "असं कसं होईल?" म्हणून विचारू नका. मला कळलं असतं तर मीच आधी सुखानं झोपले असते.

आम्ही नांदेडकडच्या एका खेड्यातले. आमचा बा, उत्तमराव, जलसा काढायचा. जलसा म्हणजे तमाशाच, पण त्यात गवळण नाही की राजाराणी नाही. सांगायचं काय, तर मेलेली ढोरं ओढू नका, पोरं शाळेत घाला, पाटलापुढं कमरेत वाकू नका. बा गाणी रचायचा, ढोलकी वाजवायचा. नकला दादाच्या. एकदा पाटलाची नक्कल चालली असताना पाटलाचं कुत्रं शेपूट हलवत थेट दादाच्या पायाशी येऊन बसलं, असं माय सांगायची. लोक हसून हसून लोळले म्हणे. दुसऱ्या दिवशी पाटलाच्या माणसांनी ढोलकी फोडली, ते मात्र ती हसत सांगत नसे.

बा गेला आणि जलसा मोडला. दादा दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत भरती झाला. सिग्नलच्या पलटणीत तारा ओढता ओढता रेडिओचं काम शिकला आणि आफ्रिकेत मोंबासा-नैरोबीकडं जाऊन आला. गावात आम्हाला लांबून, वरून पाणी ओतायचे. तिकडच्या शिपायांनी आपल्या मगातला चहा त्याला दिला आणि तोच मग परत तोंडाला लावला. एवढीशी गोष्ट, पण दादा ती पुन्हा पुन्हा सांगायचा. परत आला तो गावी गेलाच नाही. कोठीत एका रेडिओच्या दुकानात दुरुस्तीला लागला, खैरताबादेच्या बाजूला एक खोली घेतली आणि मायला नि मला बोलावून घेतलं. मी घरी ब्लाउज शिवायची. खोलीच्या मागची भिंत ओलांडली की हबशी गार्डच्या लाइनी, म्हणजे शिपायांच्या बैठ्या चाळी.

तिथं निजामाच्या आफ्रिकी घोडदळातली माणसं राहायची. त्यांचे आजे-पणजे तिकडून आणलेले. ह्यांचा जन्म इथलाच, बोली दखनी. पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, पुढं घोडदळही मोडलं. घोडे गेले, पगार गेला, माणसं तेवढी लाइनींत राहिली. कोणी रिक्षा ओढू लागलं, कोणी लग्नात मर्फा वाजवायला जाऊ लागलं. मर्फा म्हणजे त्यांचे ढोल. ते वाजायला लागले की आमच्या मायचे पाय बसल्या जागी हलायचे.

मबरूकचाचा त्यांच्यातला म्हातारा स्वार. घोड्यावरून पडून एक पाय आखूड झालेला, छातीत कायमचा खोकला. आवाज मात्र असा, की हळू बोलला तरी गल्लीतलं भांडण थांबावं. बंद पडलेला रेडिओ घेऊन तो दुकानात आला. बोलता बोलता दादानं सांगितलं, मी आफ्रिका बघितलीय. चाचा रेडिओ विसरला.

"तू देखा? हमारा मुल्क? मैं तो नै देखा रे."

मग रोज संध्याकाळी त्यांची बैठक. दादा तिकडचं सांगायचा. तिथली माणसं आता गोऱ्यांना जा म्हणतायत, केनियात रक्त सांडतंय, अमक्या देशात निवडणुका झाल्या. चाचा ऐकायचा आणि म्हणायचा, हे माझ्या लोकांना कोण सांगणार? लाइनींत अक्षर ओळखणारे बोटांवर मोजण्याइतके. एक दिवस दादा मला म्हणाला, "जयवंते, बाचा जलसा तारेवर चढवला तर?"

मी म्हटलं, "चढव की. आणि तू चढ फासावर."

ऐकतोय कशाला! दुकानातल्या मोडक्या सेटांतून व्हॉल्व्ह, म्हणजे आतले काचेचे दिवे, काढून त्यानं यंत्र जुळवलं. लाइनींच्या टोकाला जुना तबेला रिकामा होता, त्यात ते बसवलं. वर चिंचेला तार बांधली आणि कुणाला संशय नको म्हणून मला तिच्यावर धुणं वाळत घालायला लावलं. घरोघरी, चहाच्या हॉटेलात, जमेल तिथं जुने सेट दुरुस्त करून दिले. आवाज लाइनींपलीकडं आमच्या खोलीपर्यंत यायचा, पुढं दमून जायचा. मगरिबची, दिवेलागणीची नमाज झाली की आधी मर्फा वाजायचा, मग चाचाचा खोकला, मग "मेरे बच्चो, सुनरैं क्या?" सगळ्या लाइनी कान होऊन बसायच्या. चौकीवरचा जमादारही चहाच्या हॉटेलात बसून ऐकायचा, म्हणून निभावलं.

डोकं दादाचं, तोंड चाचाचं. दुकानात परदेशी स्टेशनं लावून दादा बातम्या गोळा करायचा, तबेल्यात चाचाला सांगायचा आणि चाचा त्या आपल्या बोलीत घोळवून घोळवून बोलायचा. मत कसं द्यायचं, पोरी शाळेत का घालायच्या, म्युनिसिपालटीकडं नळ मागायला चार जणांनी मिळून का जायचं, सगळं. माय म्हणायची, तुझा बा भिंतीतून बोलतोय. मला हे सगळं नको होतं. पण आवाज लागला की माझंही मशीन थांबायचं, खोटं कशाला बोलू?

तेव्हा राज्य फुटणार अशी बोलवा होती. जो तो विचारायचा, आम्ही कुठं जाणार? तेलुगूवाले आंध्रात, कन्नडवाले म्हैसुरात, आम्ही मराठी मुंबईला. जिभेप्रमाणं वाटणी. लाइनींतल्या एका रिक्षावाल्यानं तबेल्याच्या दारात उभं राहून चाचाला विचारलं, "सबका सूबा हो रा. हमारा किधर?" त्या दिवशी चाचानं यंत्राचं बटण दाबलं. मग म्हणाला, "दादी की जबान के चार लफ्ज याद हैं मेरेकू. चार लफ्ज का सूबा कौन देंगा? मेरे बाप को यहां मिट्टी दिए. मैं यहींच का." आमच्या खोलीत माय डोळे पुसत होती.

आणि त्याच सुमाराला एक गुत्तेदार लाइनींत फिरायला लागला. त्याला जागा हवी होती, बंगले बांधायला. "राज्य बदललं की तुम्हाला कोण विचारतो? आताच अंगठा लावा, दुसरीकडं घर देतो," म्हणायचा. घाबरलेली माणसं होती, लावलेही असते अंगठे. चाचा रोज रेडिओवर एकच सांगायचा, "अंगूठा नक्को लगाओ. मेरेकू पूछे बगैर कोई कागज को हात नक्को लगाओ." त्याच्या शब्दावर ती घरं उभी होती म्हणा ना.

छप्पन साल उजाडलं ते सुदान स्वतंत्र झाल्याच्या बातमीनं. दादा दुकानातून पळत आला. चाचानं ती बातमी सांगितली आणि सांगता सांगता रडला. मर्फा असा वाजला की खैरताबादेची माणसं कुणाचं लग्न म्हणून बघायला आली. त्याच थंडीत चाचाच्या छातीनं दगा दिला. बायकोच्या, मरजानाबीच्या मांडीवर त्यानं डोळे मिटले. दुपारी माती दिली.

संध्याकाळी आम्ही बायका मरजानाबीजवळ बसलो होतो. कोनाड्यात सेट होता. मगरिब झाली तशी ती उठली आणि रोजच्या सवयीनं तिनं तो लावला. कुणाला नको म्हणवेना. मला वाटलं, दादा दोन शब्द बोलेल, चाचा गेले म्हणून सांगेल. मर्फा वाजला नाही. नुसती खरखर. मग खोकला आला.

तोच. छातीच्या तळातून येऊन शेवटी घशात अडकणारा.

"मेरे बच्चो, सुनरैं क्या?"

दादाच्या नकला मी पाळण्यापासून ऐकलेल्या. नकलेत कुठंतरी दादा सापडतोच, एखाद्या शब्दाच्या टोकाला. त्या आवाजात मी त्याला शोधत होते आणि तो सापडत नव्हता. कोणी किंचाळलं नाही. मरजानाबीनं डोक्यावर ओढणी घेतली आणि सेटच्या जवळ सरकून बसली. आवाज म्हणाला, "रोओ नक्को. अंगूठा नक्को लगाओ. मैं हूं."

घरी आल्यावर मी त्याला फाडून खाल्लं. "लाज नाही वाटत? माणसाची माती ओली आहे अजून!"

तो मान खाली घालून म्हणाला, "गुत्तेदार मातीला आला होता. दारात उभं राहून माणसं मोजत होता. उद्या घरोघर फिरला असता. बा काय सांगायचा? नट पडला तर दुसऱ्यानं त्याचा वेष घ्यायचा, जागा रिकामी ठेवायची नाही."

जलशातली ती रीतच होती. दुसऱ्या दिवशी लाइनींतले चार जाणते आमच्या खोलीवर आले आणि दादाचे हात धरून म्हणाले, गुत्तेदार जाईपर्यंत बोलत राहा. म्हणजे फसवाफसवी काही नव्हती. त्यांनीच खांदा दिलेला, त्यांनीच माती लोटलेली. तरी संध्याकाळी सगळे सेटपुढं बसायचे. मरजानाबी तर इद्दतीला बसलीच नाही. नवरा गेला की त्यांच्यात बाईनं काही महिने घरात बसायचं असतं. मौलवीसाहेबांनी समजावलं, तर म्हणाली, "रोज बात करते न मेरेसे. कायकी इद्दत?"

हळूहळू लोक दादाला रस्त्यात अडवायला लागले. "चाचाकू बोलना, मेरी बेटी का रिश्ता आया." "चाचाकू पूछना, नौकरी को सिकंदराबाद जाऊं क्या?" आणि संध्याकाळी चाचा उत्तर द्यायचा. मी दादाला म्हणायची, तू कोण रे ह्यांच्या पोरींची लग्नं ठरवणारा? तो म्हणायचा, मी कुठं ठरवतो. पहिल्यांदा मला वाटलं, उगाच वेड पांघरतोय.

मग एका संध्याकाळी रेडिओवर चाचाचा आवाज म्हणाला, "मरजाना, घुटने को तेल लगाई क्या? वो काली शीशी का लगा, हरी का नक्को." सकाळी मरजानाबी अनवाणीच माझ्याकडं आली. काळी बाटली, हिरवी बाटली तिच्या उशाच्या पेटीत. नवऱ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. "तेरे भाईकू कैसा मालूम?" मी दादाला विचारलं. तो जेवत होता. घास हातातच राहिला.

"मी असं बोललोच नाही," तो म्हणाला.

"आम्ही सगळ्यांनी ऐकलं, दादा."

"मी नळाचं बोललो आणि उठलो. जयवंते, थट्टा करू नकोस गं."

त्याचे डोळे बघून माझा राग कुठल्या कुठं गेला. तो भ्यायला होता. माझा भाऊ, लढाईत तोफांखाली तारा जोडून आलेला, ताट सोडून भिंतीला टेकून बसला होता. त्या दिवसापासून मला एकच धास्ती लागली, ह्यातून हा परत येईल ना? बाकी राज्य कुठं जातं, सुदान कुठं आहे, मला काही नको होतं. मला माझा दादा हवा होता.

उन्हाळ्यात गुत्तेदार गेला. एकाही घरातून अंगठा मिळेना, शेवटी कंटाळून त्यानं दुसरीकडची जागा धरली. लाइनींत मिठाई वाटली. मी देवळात जात नाही, पण त्या दिवशी कुणाला तरी हात जोडावेसे वाटले. म्हटलं, संपलं एकदाचं. संध्याकाळ झाली आणि दादा चपला घालायला लागला.

"आता कुठं?" माय म्हणाली.

"बोलायला."

"कशाला? गेला ना तो गुत्तेदार!"

"वाट बघत असतील," एवढं म्हणून तो निघाला. आणि जाताना मी बघितलं, तो एक पाय ओढत चालत होता.

पावसाळा सरेपर्यंत त्याचं सगळंच बदलत गेलं. भाकरी समोर ठेवली की निवून जायची, पण लाइनींतून कुणी खट्टी दाल आणली की बोटं चाटायचा. दुकानात मालकानं हाक मारली की दुसऱ्या हाकेला वळायचा. खोकला घरी यायला लागला. डॉक्टरला दाखवलं, कोठीतच. त्यांनी नळी लावून तपासलं आणि म्हणाले, छाती स्वच्छ आहे, काही नाही. बाहेर पडलो तर पायरीवरच त्याला उबळ आली. चाचाचीच. मला ओरडावंसं वाटलं, त्या मेलेल्या म्हाताऱ्याला गळपट्टीला धरून बाहेर ओढावंसं वाटलं. चांगला माणूस होता, माहितेय मला! पण मेला होता ना? मग माझ्या भावाच्या अंगात त्याचं काय काम?

दसऱ्याला नागपूरला दीक्षा होती. माय महिनाभर आधीपासून पांढरं लुगडं घडी घालून बसली होती. आमच्या बानं आयुष्यभर ज्यासाठी घसा फोडला, ते होणार होतं. दादा येत नाही म्हणाला. संध्याकाळी कोण बोलणार? माय त्याला बोल बोल बोलली, शेवटी पाया पडते म्हणाली. तो तबेल्याकडं निघून गेला. आम्ही दोघीच गेलो. त्या मैदानात लाखो माणसं एका आवाजात शब्द म्हणत होती आणि माय माझा हात दाबून म्हणाली, "ह्यात आपला आवाज कमी आहे गं." माझं अर्धं मन त्या गर्दीत होतं आणि अर्धं त्या मेल्या तबेल्यात.

परतताना गाडीत मायनं मला ते सांगितलं. जलसा संपला की सगळे नट पुन्हा पुढं यायचे. लोकांसमोर, कंदिलाच्या उजेडात तोंडावरचा रंग पुसायचे आणि एकेक जण स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव सांगायचा. मग उठायचं. बा ह्या बाबतीत फार कडक होता. दुसऱ्याचा वेष घेतलेला असेल तर त्यानं सगळ्यात आधी सांगायचं. "ह्यानं रीत अर्धीच पाळली," माय म्हणाली. "जागा घेतली, पण नाव सांगितलंच नाही."

आणि खरंच होतं ते. पोलिसांच्या भीतीनं दादानं रेडिओवर स्वतःचं नाव कधी उच्चारलंच नव्हतं. नऊ-दहा महिने रोज तो चाचा म्हणून बसला आणि चाचा म्हणूनच उठला. रंगच नाही, तर पुसणार काय? मायनं ठरवलं, त्यानं एकदा नाव सांगायचं. सगळ्यांना ऐकू जाईल असं. पोलीस आले तर येऊ देत, जेलात भाकर नेऊन देईन म्हणाली.

आश्चर्य म्हणजे दादा लगेच कबूल झाला. मायच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. "मला थकवा आलाय गं माय," म्हणाला. "मला माझाच आवाज आठवत नाही." ऑक्टोबरची अखेर होती. दुसऱ्या दिवसापासून हैदराबाद राज्य राहणार नव्हतं, आमचा मराठवाडा मुंबईकडं जाणार होता. त्याच संध्याकाळी सांगायचं ठरलं. लाइनींतल्या जाणत्यांनाही मी जाऊन बजावलं, आजचं शेवटचं. त्यांनी माना हलवल्या. मरजानाबी कोनाड्यातला सेट पुसत राहिली.

मी त्याच्याबरोबर तबेल्यात गेले. अजून घोड्यांचा वास होता तिथं. यंत्र लावायच्या आधी मी त्याच्याकडून म्हणून घेतलं. तो म्हणाला, "मबरूकचाचा थंडीतच वारले. इतके दिवस बोलत होतो तो मी. मी दौलत, उत्तमरावांचा मुलगा." स्वच्छ, त्याच्या आवाजात. आमच्या गावाकडच्या हेलात. माझा जीव भांड्यात पडला. मी त्याचा खांदा थोपटला आणि म्हटलं, "बस्स, असंच. मग घरी जाऊ. मायनं कोंबडी केलीय."

त्यानं बटण दाबलं. व्हॉल्व्ह तांबडे झाले. त्यानं तोंड उघडलं.

"मी..."

पुढं काही येईना. त्याचा गळा हलत होता. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत होता. मी त्याचा हात घट्ट धरला, मान हलवून सांगत होते, बोल, बोल रे. त्यानं माझ्याकडं बघितलं. तेव्हा तो दादाच होता, मी शपथेवर सांगेन. मग खोकला आला आणि त्याची नजर माझ्यावरून निघून गेली.

"मेरे बच्चो, सुनरैं क्या?" आवाज म्हणाला. "एक बुरी खबर है. वो रेडिओवाला, हमारा दौलत... गुजर गया. अच्छा बच्चा था. उसके वास्ते दुआ करो."

मी यंत्रावर झडप घातली. "खोटं आहे!" मी त्यात ओरडले. "खोटं आहे, जिवंत आहे तो, इथं माझ्यासमोर बसलाय!" दूर लाइनींत माझाच आवाज घराघरांतून ओरडताना मला ऐकू आला.

त्यानं हळूच माझा हात बाजूला केला. चिडला नाही. "उसकी बहन है," तो यंत्रात म्हणाला. "रोने दो उसकू." आणि बटण बंद केलं.

घरी कशी आले मला आठवत नाही. तो पुढं चालत होता, पाय ओढत, आणि मी मागून "दादा, दादा" करत होते. माय सेटसमोर बसलेली. चूल पेटलेली होती, कोंबडी तशीच रटरटत होती. तो आत येऊन खाटेवर बसला. मायनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि "दौल्या" म्हणून हाक मारली. पुन्हा मारली. तो तिच्याकडं बघत होता. परक्या बाईकडं मर्यादेनं बघावं, तसं.

थोड्या वेळात दारात पावलं वाजली. लाइनींतल्या बायका आल्या होत्या, पुढं मरजानाबी, हातात झाकलेली हंडी. त्यांच्यात ज्या घरी माणूस जातं, तिथं चूल पेटवू देत नाहीत, शेजारी जेवण आणतात. मी दार अडवलं. "आंधळ्या झालात का गं?" मी किंचाळले. "हा बघा, हा बसलाय! कुणाचं सुतक घेऊन आलात?" एकेक करून त्या आत आल्या. खाटेसमोरून जाताना प्रत्येकीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, लाइनींत चाचासमोर ओढायच्या तसाच. मरजानाबी मायच्या समोर खाली बसली, तिचे हात हातात घेतले आणि रडायला लागली. माझ्या मनात आलं, हिला एक थोबाडीत द्यावी. पण ती खरंच रडत होती, दादासाठी रडत होती.

माय रडली नाही. तिनं किती वेळ त्याच्या तोंडाकडं बघितलं असेल कोण जाणे. तो खोकला, ओठ पुसले आणि म्हणाला, "अम्मा, सबर करो. आपका बेटा बहुत अच्छा था."

जन्मभर तिला माय म्हणणारं तोंड ते. मला वाटलं, आता ती त्याला मारेल, नाहीतर भिंतीवर डोकं आपटेल. ती उठली. चुलीतली लाकडं बाहेर ओढून तिनं पाणी मारलं. हंडीवरचं झाकण काढलं, ताट धुतलं, वाढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. पदर डोक्यावर घेतला.

"बसा," माय म्हणाली. "जेवून घ्या, मबरूकभाई."

तो जेवला. त्यानंतर तो पुष्कळ वर्षं आमच्याच घरात राहिला, दुकानात गेला, रेडिओ दुरुस्त करत राहिला. तबेला पाडला, तार गेली, तरी संध्याकाळी तो खाटेवर बसून लाइनींकडं तोंड करून बोलायचा. मी भांडून भांडून त्याला दादा म्हणत राहिले. माय मात्र जिवंत असेपर्यंत आपल्या पोटच्या पोराला अहो-जाहोच करत होती.